निकोडेमस, कॅन्सस: चौदा लोकांच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे गाव नक्की आहे कुठे?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), यूएस-२४ हायवेला लागून. पश्चिमेला हिल सिटी, पूर्वेला स्टॉकटन, दक्षिणेला सॉलोमन नदीचा दक्षिण फाटा. नदी म्हटल्यावर कृष्णा-गोदावरी डोळ्यापुढे आणू नका, उन्हाळ्यात ओढाच म्हणाल. बाकी चहूकडे गहू, मिलो (तिकडची ज्वारी), गवत आणि आभाळ.

२०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली १४. टायपो नाहीये, चौदाच.

मग चौदा लोकांच्या गावाचा इतिहास कशाला वाचायचा?

कारण अमेरिकन यादवीनंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला जी गावं वसवली त्यातलं आजवर टिकलेलं सगळ्यात जुनं गाव हे. बाकीची बरीचशी नकाशावरून पुसली गेली, हे राहिलं.

आणि दुसरं म्हणजे या गावाची गोष्ट जिथे तिथे एकाच साच्यात सांगतात, की बिचारे लोक आले, कष्ट केले, गाव भरभराटीला आलं, रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव मेलं, संपलं. मला ही गोष्ट अर्धवट वाटते. दुकानं गेली हे खरं, पण जमीन राहिली, आणि इथे येणारे लोक मुळात दुकानं टाकायला आलेच नव्हते, जमिनीसाठी आले होते. खाली जे काही लिहिलंय ते त्याच अंगाने वाचा.

अनइन्कॉर्पोरेटेड गाव म्हणजे काय? गाव कायदेशीर नाही का?

कायदेशीर आहे हो. अनइन्कॉर्पोरेटेड म्हणजे गावाला स्वतःची नगरपालिका नाही. मेयर नाही, नगरसेवक नाहीत, गावाचा वेगळा कर नाही, गावाचे पोलीस नाहीत. कारभार चालतो टाउनशिप (काउंटीचा लहान भाग) आणि काउंटीच्या पातळीवर. कॅन्ससमध्ये टाउनशिपला एक ट्रस्टी, एक क्लार्क आणि एक ट्रेझरर असतो, काही भानगड झाली तर काउंटीचा शेरीफ येतो. आपल्याकडे गट-ग्रामपंचायतीत एखादी वाडी असते, तिला नाव असतं, देऊळ असतं, लोकांना पत्ता माहीत असतो, पण सरपंच पलीकडच्या गावात बसतो, साधारण तसंच धरून चला.

बऱ्याच जणांचा यात घोळ होतो, कारण १८७७ मध्ये ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन झाली होती असं ते वाचतात आणि म्हणतात की मग नगरपालिका होतीच की! नाही. ती कंपनी होती, प्लॉट विकणारी. आजच्या भाषेत बिल्डर-डेव्हलपरची फर्म. तिचा नगरपालिकेशी संबंध नाही.

१८७७ मध्येच का? गुलामगिरी तर १८६५ ला संपली ना?

कागदावर संपली. मधली बारा वर्षं दक्षिणेत केंद्राचं सैन्य होतं, कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते, निवडूनही येत होते. १८७७ मध्ये राजकीय तडजोड झाली आणि दक्षिणेतून सैन्याचं संरक्षण काढून घेतलं गेलं, त्यानंतर जुने मालक पुन्हा डोक्यावर बसले. खंडाने आणि वाट्याने जमीन कसायची, बियाणं-खतं मालकाच्याच दुकानातून उधारीवर घ्यायची, सुगीला हिशोब केला की अंगावर कर्जच. हे चक्र मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

निकोडेमसला आलेले बहुतेक लोक केंटकीचे, जॉर्जटाउन आणि स्कॉट काउंटीच्या भागातले. केंटकीची केस जरा वेगळी होती. ते गुलामगिरी असलेलं राज्य, पण यादवीत फुटून निघालं नाही, त्यामुळे लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागूच नव्हता. तिथली गुलामगिरी सुटली ती डिसेंबर १८६५ ला, तेरावी घटनादुरुस्ती झाल्यावर. म्हणजे १८७७ ला आगगाडीत बसलेल्या तिशीतल्या माणसाचं अर्ध्याहून जास्त आयुष्य कोणाची तरी मालमत्ता म्हणून गेलेलं होतं.

आणि कॅन्ससच का, तर एक म्हणजे १८६२ चा होमस्टेड कायदा: १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षं तिथे राहून कसा, फी जेमतेम अठरा डॉलर, जमीन तुमची. दुसरं, कॅन्ससचं नाव. हे राज्य गुलामगिरी हवी की नको या मुद्द्यावर रक्त सांडून १८६१ ला मुक्त राज्य म्हणून संघात आलेलं, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन इथेच लढला होता. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय घरांमध्ये कॅन्सस या नावाला वजन होतं.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

थेट नाही. ओढूनताणून जोडणार पण नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना, साल १८७३. पुण्यात बसून कोणीतरी तिकडच्या मुक्तीचं कौतुक करतंय आणि पुढच्या चारच वर्षांत तिकडचे मुक्त झालेले लोक जीव मुठीत धरून केंटकीतून निघतायत. जोतीरावांची आशा खोटी नव्हती, तिकडच्यांनी शब्द पाळला नाही.

गाव कोणी वसवलं?

दोन नावं पुढे येतात. डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाचा गोरा माणूस, जमिनीचा धंदा करणारा. आणि रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ, टेनेसीहून आलेले कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. एप्रिल १८७७ मध्ये टाउन कंपनी झाली, सात जण, सहा कृष्णवर्णीय आणि एकटा हिल गोरा. स्मिथ अध्यक्ष, हिल खजिनदार (पैसे कोणाकडे होते ते बघा!), आणि सेक्रेटरी सायमन राउंडट्री. राउंडट्री जूनमध्ये तिथे जाऊन राहिला, तो पहिला रहिवासी. जुलैत झॅकरी फ्लेचर आणि त्याची बायको जेनी आले, जेनी ही स्मिथ यांची मुलगी.

मग छापली जाहिरात, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नागरिकांना उद्देशून. गावातला प्लॉट पाच डॉलरला. हिल केंटकीला जाऊन चर्चमध्ये भाषणं ठोकत फिरला: काळीभोर सुपीक जमीन, शिकार भरपूर, रानघोडे तर असे मोकाट फिरतायत की पकडा, माणसाळवा आणि नांगराला जुंपा.

हिलला काही लोक गावाचा संस्थापक म्हणून डोक्यावर घेतात. मला विचाराल तर तो आधी सेल्समन, मग बाकी सगळं. शेजारचं हिल सिटी, जे पुढे काउंटीचं मुख्य ठिकाण झालं, ते त्याच्याच नावाचं.

हे लोक म्हणजेच ‘एक्सोडस्टर्स’ का?

ढोबळमानाने हो म्हणतात, पण तो मोठा लोंढा १८७९ चा, मिसिसिपी-लुइझियाना भागातून हजारो लोक नदीच्या बोटींनी कॅन्ससकडे निघाले तो. निकोडेमसवाले त्याच्या दोन वर्षं आधीचे आणि कंपनीच्या माध्यमातून, ठरवून, गटागटाने आलेले. एवढा फरक ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

पोचल्यावर काय दिसलं त्यांना?

काहीच नाही. खरंच काहीच नाही.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून तीनशेच्या वर लोक आगगाडीने एलिस या स्टेशनला उतरले. तिथून गाव साधारण ३५ मैल, म्हणजे ५५ किलोमीटरच्या पुढे, रस्ता नाही, ज्यांना जमलं त्यांनी भाड्याच्या गाड्या केल्या, बाकीचे पोराबाळांसकट सामान घेऊन चालत. केंटकी म्हणजे झाडीचा, टेकड्यांचा, हिरवा मुलुख. इथे क्षितिजापर्यंत गवत आणि झाडाच्या नावाने नदीकाठच्या चार काटक्या.

यातला सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग आहे विलियाना हिकमनचा, ती पुढच्या वसंतात, १८७८ ला, आली. तिचा नवरा डॅनियल हिकमन पाद्री होता, त्याच्या मंडळीतले लोक बरोबर होते. एलिसला पोचले तेव्हा गोवराची साथ, तिथे थांबावं लागलं आणि गटातली लहान मुलं गेली. ती पुरून हे लोक पुढे निघाले, होकायंत्र हातात आणि हरणांच्या पायवाटा धरून. दोन दिवसांनी पुरुषमाणसं ओरडली, ते बघा निकोडेमस! ही बघते तर कुठेच काही नाही. कुठे आहे म्हणून विचारलं तर नवऱ्याने जमिनीतून वर येणारे धुराचे लोट दाखवले, म्हणाला तेच निकोडेमस. लोक जमिनीत खणलेल्या घरात राहत होते, वर दिसत होता तो फक्त चुलींचा धूर. ती लिहिते की तिला रडू फुटलं. तिची ही आठवण अख्ख्या गावाच्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळा छापली गेली असेल.

पण रडण्यावर थांबू नका, हिकमन कुटुंब परत गेलं नाही. गावापासून आणखी चौदा मैल पुढे जाऊन त्यांनी होमस्टेड धरलं आणि तिथे चर्च उभं केलं. हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

सगळे टिकले का? कोणी परत गेलं नाही?

गेले ना. पहिल्या मोठ्या गटातली बरीच कुटुंबं ते दृश्य बघून तशीच माघारी फिरली. काही जण इतके चिडले होते की हिलला फासावर द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या आणि हा बाबा लपून बसला. लपला कुठे याच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत, गवताच्या गंजीत वगैरे, त्यातली कुठली खरी यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

जे परत गेले त्यांना भित्रे म्हणायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. ज्यांच्याकडे परतीच्या प्रवासाचे पैसे होते ते गेले, बाकीच्यांकडे ते पण नव्हते. टिकून राहण्यात हिंमत होती तशीच नाइलाजाचीही बाजू होती.

डगआउट म्हणजे नक्की कसलं घर?

जमिनीतलं. एखाद्या उताराच्या बाजूला आत खणत जायचं, तीन बाजू मातीच्याच, पुढच्या बाजूला प्रेअरीच्या, म्हणजे या गवताळ माळाच्या, मातीचे तुकडे एकावर एक रचून भिंत. ही माती म्हणजे साधी माती नाही, शतकानुशतकं वाढलेल्या गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली, कुदळ मारली तर कुदळच उसळायची, पण एकदा तुकडे कापले की विटेसारखे राहायचे. छपराला नदीकाठच्या विलोच्या फांद्या, त्यावर गवत, त्यावर पुन्हा माती. एका कोपऱ्यात चूल, धुराडं वर काढलेलं. हिवाळ्यात उबदार, उन्हाळ्यात गार, कौतुक एवढंच. पाऊस पडला की गळणार, आणि पाऊस थांबल्यावर पण गळणार कारण वरची माती दोन दिवस निथळत राहते. साप-उंदीर छपरातून खाली.

जळणाला लाकूडच नाही, म्हणून बायसनचं वाळलेलं शेण आणि सूर्यफुलाची धाटं. गोवऱ्यांवर स्वयंपाक आपल्याला नवा नाही, केंटकीच्या बायकांना होता.

पुढे डगआउटवरून लोक सॉड हाउसवर आले, म्हणजे त्याच मुळांच्या मातीच्या विटांचं, पण जमिनीवरचं घर, आणि १८८० नंतर जवळपासच्या चुनखडीच्या दगडाची बांधकामं आली.

पहिला हिवाळा कसा काढला?

जेमतेम. शरद ऋतूत आलेले लोक, पेरणीचा हंगाम केव्हाच गेलेला, घरात धान्य नाही, आणि सगळ्या वसाहतीत मिळून १८७८ च्या वसंतात घोडे होते तीन. तीन! रानघोड्यांच्या जाहिरातीची आठवण ठेवा. बरीचशी जमीन पहिल्या साली फावड्याने आणि कुदळीने उकरली.

गावच्या आठवणींमध्ये पिढ्यानपिढ्या सांगतात की शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी लोकांनी त्यांना मांस दिलं म्हणून कित्येक घरं जगली. पुरुष कामाला बाहेर पडले, रेल्वेवर, पूर्व कॅन्ससच्या शेतांवर. माळावर पडलेली बायसनची हाडं गोळा करून विकली, कारण खतासाठी हाडांना गिऱ्हाईक होतं. चर्च आणि इतर मंडळींकडून मदतीचे धान्य-कपडे पण आले.

१८७७ च्या ऑक्टोबरमध्येच गावातलं पहिलं मूल जन्मलं, चार्ल्स आणि एमा विल्यम्स यांचा हेन्री. डगआउटमध्येच, अर्थात.

आणि आता एक मला भारी आवडणारी गोष्ट. १८७९ मध्ये या लोकांनी मदत मागणारी वसाहतीची संघटनाच बरखास्त करून टाकली, म्हणजे बाहेर मदत मागत फिरणं बंद. पोटं भरलेली होती म्हणून नव्हे हं, १८८० ला दुष्काळच पडला. पण भीक मागणारं गाव अशी ओळख त्यांना नको होती.

ती जमीन आधी कोणाची होती?

हा प्रश्न विचारणारे कमी असतात, पण विचारायलाच हवा. हा सगळा टापू पॉनी, शायान, कॉ वगैरे लोकांच्या शिकारीचा. कॉ म्हणजे कान्सा, ज्यांच्यावरून राज्याचं नाव पडलं त्यांनाच १८७३ मध्ये राज्याबाहेर, आजच्या ओक्लाहोमाकडे, हाकलून दिलं होतं. ओसेजांचंही तेच झालं होतं. म्हणजे मांस देणारे पण आपल्या जमिनीवरून उठवलेले आणि घेणारे पण, आणि मधे ‘सरकारी मोफत जमीन’ असा सरकारचा शिक्का.

नाव निकोडेमसच का?

दोन मतं. एक बायबलमधल्या निकोडेमसवरून, दुसरं त्या काळी लोकप्रिय असलेल्या एका गाण्यातल्या निकोडेमस नावाच्या गुलामावरून. जाहिरातीत त्या गाण्याच्या चालीवर ओळी होत्या, त्यामुळे मला दुसरं जास्त पटतं.

शाळा, पोस्ट वगैरे होतं का?

पोस्ट तर पहिल्याच वर्षी, झॅकरी फ्लेचर पोस्टमास्तर. शाळा जेनी फ्लेचरने आपल्या डगआउटमध्ये सुरू केली. लक्षात घ्या, ज्यांना लिहायला-वाचायला शिकवणं काही राज्यांत गुन्हा होता त्या लोकांनी छपराआधी शाळा काढली. ग्रॅहम काउंटीचा शाळा जिल्हा क्रमांक १ म्हणजे निकोडेमसचा, आख्ख्या काउंटीत पहिला. १८८० च्या सुमारास फ्लेचरांनी सेंट फ्रान्सिस हॉटेल बांधलं, त्यात पोस्ट, घोडागाड्यांचा थांबा, वेळेला शाळा, सगळं एका छताखाली.

एडवर्ड मॅक्केब कोण?

राजकारणात रस असेल तर याच्याबद्दल वाचाच. शिकलेला, हुशार, १८७८ ला शिकागोहून एब्रम हॉल नावाच्या पत्रकार मित्राबरोबर इथे आला. दोघांनी काउंटी रीतसर स्थापन व्हावी म्हणून धडपड केली, काउंटी १८८० ला झाली, मॅक्केब तिचा क्लार्क. आणि १८८२ मध्ये हा माणूस कॅन्ससचा स्टेट ऑडिटर, म्हणजे राज्याचे हिशोब तपासणारा अधिकारी, म्हणून निवडून आला, १८८४ ला पुन्हा. राज्यभरातून मतं घेऊन निवडून आलेला कॅन्ससचा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. राज्यात गोरे मतदार प्रचंड बहुसंख्य असताना!

तिसऱ्यांदा मात्र पक्षाने तिकीट दिलं नाही. मग तो ओक्लाहोमाला गेला, १८९० मध्ये लँगस्टन नावाचं गाव वसवण्यात पुढे होता, ओक्लाहोमा कृष्णवर्णीयांचं राज्य व्हावं असं त्याचं स्वप्न होतं. ते काही झालं नाही.

गावाची भरभराट खरंच झाली होती का की उगाच सांगतात?

झाली होती, पण थोडकीच वर्षं. १८८० च्या दशकाच्या मध्यावर जरा बरा पाऊस झाला, गहू झाला, पैसा खेळायला लागला. जनरल स्टोअर्स, चर्चेस, हॉटेलं, बँक, आइस्क्रीम पार्लर, बँड, साहित्य मंडळ, बेसबॉल टीम. वर्तमानपत्रं तर दोन, १८८६ चं ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ चं ‘निकोडेमस एंटरप्राइज’. काहीशे लोकांच्या गावात दोन पेपर, म्हणजे भांडायला किती उत्साह होता बघा. दुकानदारांमध्ये गोरे पण होते आणि व्यवहार एकत्र चालायचा.

रेल्वेचं काय झालं?

त्या काळी प्रेअरीवर रेल्वे म्हणजे गावाची कुंडली. मिसुरी पॅसिफिकची लाइन स्टॉकटनपर्यंत आलेली होती, ती पुढे गावापर्यंत आणावी म्हणून १८८७ मध्ये टाउनशिपच्या लोकांनी मतदान करून १६,००० डॉलरचे बाँड मंजूर केले. म्हणजे स्वतःवर कर्ज घेऊन रेल्वेला पैसे द्यायची तयारी. पण सौदा फिसकटला, लाइन पुढे आलीच नाही. मग १८८८ ला युनियन पॅसिफिक आली ती सॉलोमन नदीच्या पलीकडून, गावाला काही मैलांनी वगळून. तिकडे मजुरांचा तळ पडला, त्याचं झालं बोग नावाचं गाव.

आणि व्यापारी निघाले. काहींनी तर आख्खी इमारतच ओढून पलीकडे नेली असं सांगतात. सायक्लोनने लिहिलं की असं सोडून जाणं शहाणपणाचं नाही, पस्तावाल. पुढे पेपरच बंद पडला.

आता बोगकडे बघा. त्याला रेल्वे मिळाली, नगरपालिका मिळाली, आणि आज तिथे लोक किती, तर दीडशेच्या आसपास. काउंटीचं ठिकाण असलेल्या हिल सिटीत चौदाशेच्या आसपास. म्हणजे रेल्वे आली असती तर निकोडेमस महानगर झालं असतं असं समजू नका. या पट्ट्यात शेती यांत्रिक होत गेली तशी सगळीच गावं आटली, गोऱ्यांची पण.

मग गाव संपलं नाही का?

बाजार संपला. शेतकरी कुठे जाणार होते, त्यांच्या १६० एकरांना चाकं थोडीच होती. पुढची चाळीस वर्षं निकोडेमस हे शेतकऱ्यांचं गाव म्हणून राहिलं, चर्च, शाळा, लॉज, बेसबॉल सगळं चालू, फक्त बँक आणि पेपर नाही. १९०७ ला बॅप्टिस्ट चर्च बांधलं, १९१८ ला नवी शाळा. मेलेलं गाव नवी शाळा बांधत नाही.

खरा घाव बसला १९३० च्या दशकात, मंदी आणि डस्ट बोल एकदम. पाऊस नाही, गव्हाला भाव नाही, धुळीची वादळं अशी की दिवसा दिवे लावायचे. लोक डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया असे पांगले. त्यातही १९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीचा टाउनशिप हॉल उभा राहिला, तो अजून आहे. १९५३ ला पोस्ट बंद, १९६० ला शाळा बंद.

आणि एक गोष्ट दुष्काळावर ढकलता येत नाही. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शेतीकर्ज मिळताना जो दुजाभाव झाला तो देशभराचा विषय आहे, १९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, पुढे त्यातले बहुतेक जमिनीवरून गेले. शेती खात्याविरुद्धचा पिगफर्ड खटला त्यावरच होता, तडजोड झाली १९९९ ला. पीक बुडालं तर शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीला कर्ज मिळतं आणि तुम्हाला कागदपत्रांसाठी फिरवतात, अशी दोन-तीन सालं गेली की शेत लिलावात. तरीसुद्धा मूळ कुटुंबांच्या वंशजांकडे इथे अजून जमीन आहे, काही जण स्वतः कसतात, काही बाहेरून बघतात. मला विचाराल तर निकोडेमसचं सगळ्यात मोठं स्मारक हेच आहे.

होमकमिंग म्हणजे काय?

दरवर्षी जुलैच्या शेवटी, शनिवार-रविवार धरून, गावाचे वंशज देशभरातून परत येतात. सुरुवात १८७८ ची. मूळ निमित्त होतं १ ऑगस्ट, म्हणजे वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी १८३४ ला रद्द झाली तो दिवस. पूर्वी स्क्रग्ज ग्रोव्ह नावाच्या झाडीत भरायचं, घोड्यांच्या शर्यती, बॉक्सिंग, बेसबॉल, जेवणावळी. आता परेड, गॉस्पेल, बार्बेक्यू, रविवारची प्रार्थना, आणि चार-चार पिढ्यांचे गप्पांचे फड. चौदा लोकांच्या गावात त्या दिवसांत शेकड्यांनी माणसं असतात.

कोकणातल्या माणसाला हे सांगायलाच नको. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की वाडीची खरी लोकसंख्या कळते, जनगणनावाले मात्र बरोबर एरवीच येतात.

सरकारने काही केलं का?

१९७६ मध्ये नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क म्हणून मान्यता, आणि नोव्हेंबर १९९६ ला नॅशनल हिस्टॉरिक साइट, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या यादीत यलोस्टोनच्या पंगतीला. हे आपोआप झालेलं नाही, गावच्या वंशजांनी, त्यातही बायकांनी, वर्षानुवर्षं कागद, फोटो, आठवणी गोळा करून पाठपुरावा केला. पाच इमारती धरल्यात: टाउनशिप हॉल, एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च, जुनं बॅप्टिस्ट चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि शाळा. यातल्या सगळ्या काही सरकारच्या मालकीच्या नाहीत, काही चर्चच्या, काही खासगी, त्यामुळे दिसेल त्या दारातून आत शिरू नका.

इथलं कोणी प्रसिद्ध झालं का?

व्हेरिल स्विट्झर. जन्म इथलाच, १९३२ चा, कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीकडून फुटबॉल (अमेरिकन) खेळला, १९५४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये ग्रीन बे पॅकर्सने चौथ्या क्रमांकावर उचलला. पुढे त्याच युनिव्हर्सिटीत अनेक वर्षं प्रशासनात काम केलं आणि गावची शेतीही सोडली नाही. २०२२ मध्ये वारला.

जायचं असेल तर कसं जायचं? बघण्यासारखं काय?

डेन्व्हर किंवा कॅन्सस सिटी, दोन्हीकडून गाडीने साडेचार-पाच तास धरा. आय-७० वरून वॉकीनीला उतरायचं, यूएस-२८३ ने उत्तरेला हिल सिटी, तिथून यूएस-२४ ने पूर्वेला. किंवा हेजला उतरून यूएस-१८३ ने स्टॉकटन आणि तिथून पश्चिमेला. दुसरा रस्ता धरला तर आधी हिकमनबाईंच्या वर्णनातलं गवत नीट बघायला मिळतं.

बघायला म्हणाल तर पाच इमारती, व्हिजिटर सेंटर, कबरस्तान, तासाभरात होतं. उगाच थीम पार्कची अपेक्षा ठेवून पोरांना घेऊन गेलात तर ती कुरकुर करणार. रेंजरशी बोला मात्र, खरा खजिना तो आहे, आणि रेंजर भेटला नाही तर आलेल्या गावकऱ्याशी. व्हिजिटर सेंटरच्या वेळा निघण्याआधी पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या, रोज उघडं असेलच असं नाही. घरांचे फोटो काढताना विचारा, लोक तिथे राहतात.

जुलैच्या शेवटी जाणार असाल तर हॉटेल महिनाभर आधी बुक करा, तेही हेज किंवा हिल सिटीला. पेट्रोल आणि पाणी हिल सिटी नाहीतर स्टॉकटनलाच भरून घ्या, आणि ऊन डोक्यावर घेऊन दुपारी कबरस्तानात फिरू नका, तिथे सावली नाहीये.